आदाम मुळात अमर होता का? ख्रिस्ती धर्मातला मृत्यू आणि अमरत्वाची आशा, जाणकारांची मदत हवी

शब्दपारखी (दादर)

दादरच्या आमच्या वाचनगटात ‘मृत्यू आला कुठून’ अशी मालिका चालू आहे. गिल्गामेश झाला, नचिकेता झाला, आता ख्रिस्ती धर्म. बोलायला ५० मिनिटं, त्यातली शेवटची दहा प्रश्नांना. ऐकणारे बहुतेक हिंदू, दोन-तीन जण ख्रिस्ती घरांतले. बायबलचे संबंधित भाग वाचलेत, तरी काही गाठी सुटत नाहीत.

आदाम मुळात अमर होता आणि पापामुळे मर्त्य झाला, असं सगळीकडे सांगतात. मग देव त्याला ‘तू मातीच आहेस’ असं का म्हणतो? ‘ज्या दिवशी खाशील त्या दिवशी मरशील’ अशी ताकीद होती, आणि आदाम तर ९३० वर्षं जगला. हे जुळवायचं कसं? सगळ्यात मोठा घोळ पुढे आहे. आत्मा अमर आहे, मेल्यावर देवाकडे जातो, असंही म्हणतात. आणि शेवटच्या दिवशी मेलेली माणसं शरीरासह उठतील असंही म्हणतात. आत्मा पोचलाच असेल तर शरीर उठवायची गरज काय?

कोणते उतारे मोठ्याने वाचावेत आणि कुठे घसरायला होतं, हे संदर्भासह सांगितलंत तर फार मदत होईल.

कुर्ला_पश्चिम

आधी बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या, म्हणजे उत्पत्तीच्या, दुसऱ्या अध्यायातली झाडं मोजा. मनाई केलेलं झाड सगळ्यांच्या लक्षात राहतं, दुसरं विसरलं जातं. २:९ मध्ये दोन झाडं आहेत, एक बऱ्यावाइटाच्या ज्ञानाचं आणि एक जीवनाचं. मनाई फक्त पहिल्याला आहे (२:१७). जीवनाच्या झाडाचं फळ खायला तिथे कोणी अडवलेलं नाही. अडवलं जातं ते ३:२२-२४ मध्ये: हा आता हात पुढे करून जीवनाचंही फळ खाईल आणि सदासर्वकाळ जगेल, म्हणून त्याला बागेबाहेर काढतात आणि वाटेवर करूब (देवदूतासारखे रक्षक) व गरगर फिरणारी ज्वालेची तलवार ठेवतात. मुळातच अमर असलेल्या माणसाला त्या झाडापासून लांब ठेवायचं काही कारण नव्हतं. तो घडला मातीचा (२:७). त्याचं न मरणं त्याच्या अंगभूत नव्हतं, त्या बागेत देवाजवळ राहण्यावर अवलंबून होतं. ‘मातीच आहेस’ हे वाक्य त्यामुळे मला अजिबात विसंगत वाटत नाही. बाग सुटल्यावर जे मूळचं होतं तेवढंच उरलं.

हे आजच्या कोणाचं चलाख वाचन नव्हे. दुसऱ्या शतकात अंत्युखियाचा थिओफिलस लिहितो की देवाने माणसाला मर्त्यही केलं नाही आणि अमरही केलं नाही, दोन्हींकडे जाऊ शकेल असा केला. चौथ्या शतकात अलेक्झांड्रियाचा अथानासियस म्हणतो की शून्यातून निर्माण झालेला माणूस स्वभावतः नाशवंतच, देवाच्या कृपेने तरून राहिलेला. चर्चचा मोठा लॅटिन विचारवंत ऑगस्टीन याने यात जो भेद केला तो फलकावर लिहाच: ‘न मरणं शक्य असणं’ आणि ‘मरणं अशक्य असणं’. पहिली स्थिती आदामाची, दुसरी उद्धार झालेल्यांना मिळायची. म्हणजे ख्रिस्ती आशा एदेन बागेत परत जाण्याची नाही. तिथे होतं त्याहून जास्त काही मिळेल, अशी ती आहे. हा एक भेद श्रोत्यांना कळला तर अर्धं काम झालं.

विरुद्ध मतही होतं. ऑगस्टीनचा समकालीन पेलाजियस याच्या बाजूचे लोक म्हणत की आदाम पाप करता ना करता, मेलाच असता; मृत्यू हा निसर्गधर्म. ४१८ साली कार्थेजच्या धर्मसभेने पहिल्याच कलमात हे मत धिक्कारलं. तेव्हापासून पश्चिमेकडच्या चर्चची अधिकृत भूमिका अशी की माणसाचं मरण हा पापाचा परिणाम आहे.

आता ९३० वर्षं. पाचवा अध्याय मोठ्याने वाचा, कंटाळवाणा वाटला तरी. आदाम ९३०, शेथ ९१२, अनोश ९०५, मथुशलह ९६९, आणि प्रत्येकाच्या शेवटी ‘मग तो मरण पावला’. हे पालुपद आठ वेळा येतं. फक्त हनोखाच्या वेळी चुकतं, ३६५ वर्षांनंतर देवाने त्याला नेलं (५:२४). सापाचं ‘तुम्ही खरोखर मरणार नाही’ (३:४) हे आश्वासन खोटं ठरलं, ते हा अध्याय एकेक नाव घेऊन दाखवतो.

‘त्या दिवशी’ची कोडी सोडवण्याचे तीन जुने मार्ग आहेत. पहिला म्हणजे देवाचा एक दिवस हजार वर्षांचा. यहुद्यांच्या ‘जुबिली’ ग्रंथात असा हिशेब आहे की आदामाला हजाराला ७० वर्षं कमी पडली, म्हणजे तो ‘त्या दिवसा’तच मेला. हजारी कोणीच गाठत नाही हे खरं, पण सभेत यावर विसंबू नका, गणिताची गंमत म्हणून ठीक. दुसरा मार्ग असा की त्या दिवशी तो मरणाधीन झाला, शिक्षा त्या दिवशी लागू झाली. जुन्या कराराचं ग्रीक भाषांतर करणाऱ्या सिम्माखसने इथे असंच लिहिलं आणि बायबल लॅटिनमध्ये आणणाऱ्या जेरोमला ते पटलं. तिसरा ऑगस्टीनचा: देवापासून तुटणं हेच आत्म्याचं पहिलं मरण, ते लगेच घडलं, शरीराचं मरण मागाहून आलं. मला दुसरा आणि तिसरा एकमेकांना पूरक वाटतात.

घसरायच्या जागा. सफरचंद मजकुरात नाही. साप म्हणजे सैतान, हेही उत्पत्तीत नाही. ती ओळख प्रकटीकरण १२:९ मध्ये मिळते, आणि सैतानाच्या मत्सरामुळे मरण जगात आलं हे वाक्य ज्ञानग्रंथ २:२४ मध्ये आहे. तुमचं बायबल ६६ पुस्तकांचं असेल तर त्यात ज्ञानग्रंथ सापडणार नाही, ७३ पुस्तकांच्या कॅथलिक आवृत्तीत पाहा. आणि सगळ्यात महत्त्वाची जागा: आदामामुळे सगळे मरतात हा धागा इब्री बायबलच्या मुख्य पुस्तकांत जवळपास कुठेच पुढे नेलेला नाही. तो घट्ट बांधला येशूचा प्रेषित पौल याने, रोमकरांस पत्र ५:१२-२१ मध्ये. एका माणसाकडून मरण, एका माणसाकडून जीवन. पौल ख्रिस्ताकडून मागे आदामाकडे पाहतो. तुम्हीही त्याच क्रमाने गेलात तर कथा सपाट होणार नाही.

तुमच्याकडे गिल्गामेश होऊन गेलाय, तर एक तुलना अवश्य करा. तिथे तो पाण्यात अंघोळीला उतरतो आणि साप तारुण्याची वनस्पती पळवतो. निष्काळजीपणाचा एक क्षण, आणि सगळं गेलं. इथे वाट बंद करणारा देव आहे आणि ती बंद करण्यामागे कारण आहे. इरेनियस दुसऱ्या शतकाच्या अखेरीस ते कारण दया असं सांगतो: माणूस पापी अवस्थेत कायमचा जगला असता तर पापालाही अंत राहिला नसता, म्हणून मरणाने त्याला सीमा घातली. ‘फळ खाल्लं एवढ्यावर इतकी मोठी शिक्षा?’ हा प्रश्न नक्की येणार. त्याचं याहून चांगलं उत्तर माझ्या वाचनात नाही.

गोराईकरीण

वरचं सगळं मान्य. मी तुमच्या तिसऱ्या गाठीवर लिहिते, कॅथलिक बाजूने.

सुरुवात अशी करा: ख्रिस्ती मतांगीकारात (उपासनेत म्हणायच्या श्रद्धेच्या कबुलीत) ‘आत्मा अमर आहे’ असं वाक्यच नाही. ३८१ सालच्या मतांगीकाराचा शेवट मृतांच्या पुनरुत्थानाची आणि येणाऱ्या युगातल्या जीवनाची वाट पाहण्यात होतो. प्रेषितांच्या मतांगीकारात तर ‘देहाचे पुनरुत्थान’ असंच आहे. दर रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, आपण जे म्हणतो त्यात आशा शरीराची आहे.

याचा उगम जुन्या करारात उशिरा दिसतो. आधीच्या पुस्तकांत मेलेले सगळे, चांगले-वाईट दोन्ही, अधोलोकात जातात. तिथे स्तुती नाही, ज्ञान नाही, काम नाही (स्तोत्र ६:५, उपदेशक ९:१०). मातीत निजलेल्यांपैकी पुष्कळ जागे होतील, काही सार्वकालिक जीवनासाठी, हे स्पष्ट शब्दांत दानीएल १२:२ मध्ये येतं. बहुतेक अभ्यासक ते इ.स.पू. १६५ च्या सुमाराचं मानतात, म्हणजे अंत्युखस राजाने यहुद्यांचा छळ केला तो काळ. देवाशी इमान राखणारे तरुणपणी मारले जात होते, तेव्हा देवाचा न्याय या आयुष्यात पुरा होत नाही हे डोळ्यांसमोर दिसत होतं. २ मक्काबी ७ मधल्या सात भावांपैकी एक जण जीभ आणि हात पुढे करतो आणि म्हणतो, हे मला देवाकडून मिळाले, त्याच्याकडूनच परत मिळतील. हे वाचा. इथे अमरत्व म्हणजे तोडलेले हात परत मिळणं. येशूच्या काळीही सगळ्यांना हे मान्य नव्हतं. यहुद्यांतले सदूकी पंथाचे लोक नाकारत, परूशी पंथाचे मानत (प्रेषितांची कृत्ये २३:८).

आता पौलाच्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा १५ वा अध्याय (१ करिंथ १५). एकूण ५८ ओव्या आहेत, सगळ्या वाचायच्या भानगडीत पडू नका. २०-२६, ३५-४४ आणि ५१-५५ पुरे. ३५ व्या ओवीत श्रोत्यांच्या मनातला प्रश्न पौल स्वतःच विचारतो: मेलेले कशा शरीराने येतात? उत्तर पेरलेल्या दाण्याचं आहे. जे पेरतो ते उगवणारं रोप नसतं, तरी परकंही नसतं. ‘आध्यात्मिक शरीर’ म्हणजे धूसर, भुतासारखं काहीतरी, असा समज करून घेतला की सगळी मांडणी कोसळते. लूक २४:३९-४३ शेजारी ठेवा: उठलेला येशू हातपाय दाखवतो आणि भाजलेला मासा खातो.

येशूने मेलेल्यातून उठवलेल्या लाजराशी घोळ तर हमखास होतो. योहान ११ मधला लाजर चार दिवसांनी बाहेर येतो तो हातापायांना पट्ट्या आणि तोंडाला रुमाल बांधलेला. दुसऱ्यांना त्याला मोकळं करावं लागतं. तो पुढे परत मरणार आहे. योहान २०:६-७ मध्ये येशूच्या कबरीत तागाची वस्त्रं पडलेली आहेत आणि डोक्याचा रुमाल वेगळा गुंडाळून ठेवलेला आहे. लाजर परतलेला आहे, येशू पलीकडे गेलेला आहे. हे दोन उतारे एकापाठोपाठ वाचले तर वेगळं समजवावं लागत नाही.

मग मधल्या काळात माणूस कुठे असतो? चर्चची शिकवण आहे की आत्मा प्रत्येकासाठी देव थेट निर्माण करतो आणि तो शरीराबरोबर नष्ट होत नाही (कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथ, परिच्छेद ३६६). इथे हिंदू श्रोत्यांसाठी थांबा. गीतेतला आत्मा अज आहे, जन्मच नाही त्याला. ख्रिस्ती आत्म्याला सुरुवात आहे, तो देवाने टिकवलाय म्हणून टिकतो. पुनर्जन्मही नाही, माणसाला एकदाच मरायचं आहे (इब्री ९:२७).

अधिकृत निर्णय व्हायला मात्र शतकं गेली. पोप योहान बाविसावे यांनी १३३१ पासून प्रवचनांत मांडलं की अंतिम न्यायापर्यंत संतांच्या आत्म्यांनाही देवाचं पूर्ण दर्शन होत नाही. मोठं वादळ उठलं. १३३४ मध्ये मृत्युशय्येवर त्यांनी ते मत मागे घेतलं आणि १३३६ मध्ये पोप बेनेडिक्ट बारावे यांनी निकाल दिला: शुद्ध झालेल्या आत्म्यांना लगेच दर्शन होतं, शुद्धी बाकी असलेल्यांना ती झाल्यावर. मृतांसाठी प्रार्थना आणि मिस्सा होतात त्या या शुद्धिस्थानाच्या (मरणानंतरच्या शुद्धीच्या) शिकवणीमुळे. आत्म्याच्या अमरत्वाचा निर्णय पाचव्या लॅटरन परिषदेत १५१३ ला झाला.

आणि ‘उठायची गरज काय’? मध्ययुगातले कॅथलिक विचारवंत थॉमस अक्वायनस १ करिंथवरच्या भाष्यात सरळ म्हणतात: माझा आत्मा म्हणजे मी नव्हे, फक्त आत्मे तरले तर मी तरलो नाही. माणूस म्हणजे शरीर आणि आत्मा मिळून, त्यामुळे स्वर्गात पोचलेला आत्मासुद्धा पुऱ्या माणसाची वाट पाहतो.

भायखळ्याचा वाचक

प्रोटेस्टंट बाजू थोडक्यात. शुद्धिस्थान आम्ही मानत नाही, मृतांसाठी प्रार्थनाही नाही. मधल्या काळाबद्दल मात्र आमच्यातही मतभेद आहेत. ल्यूथरच्या लिखाणात मेलेल्यांच्या झोपेची भाषा पुष्कळ आहे. कॅल्विनने ‘आत्मा झोपतो’ या मताविरुद्ध आपला पहिला धर्मशास्त्रीय ग्रंथ १५३४ मध्ये लिहिला. सेव्हन्थ डे अॅडव्हेंटिस्ट आजही मानतात की मेलेला माणूस पुनरुत्थानापर्यंत बेशुद्ध निजलेला असतो आणि अमरत्व फक्त उद्धार झालेल्यांना मिळतं. त्यांचा आवडता आधार १ तीमथ्य ६:१६, अमरत्व एकट्या देवाला आहे. उलट बाजूने क्रुसावरच्या चोराला दिलेलं वचन (लूक २३:४३) आणि फिलिप्पै १:२३. दोन्ही सांगा, ख्रिस्ती घरांतले श्रोते वेगवेगळ्या मंडळ्यांचे असू शकतात.

एक गोष्ट मात्र सोडू नका. प्रोटेस्टंट अभ्यासक ऑस्कर कुलमन यांनी १९५५ मध्ये हार्वर्डच्या व्याख्यानात सॉक्रेटिस आणि येशू शेजारी ठेवले. सॉक्रेटिस शांतपणे विष पितो, कारण मरण त्याला सुटका वाटते. येशू पकडला जाण्याआधी गेथशेमाने बागेत व्याकूळ होतो, घाम गाळतो, हा प्याला टळो म्हणतो. पौलाच्या लेखी मरण ‘शेवटचा शत्रू’ आहे (१ करिंथ १५:२६). जुनी वस्त्रं टाकून नवी घ्यावीत हा गीतेचा श्लोक तुमच्या श्रोत्यांना पाठ असेल. पौलही वस्त्रांचीच भाषा वापरतो (२ करिंथ ५:४), पण त्याला उघडं व्हायचं नाही, आहे त्यावर आणखी पांघरून घ्यायचंय, म्हणजे जे मर्त्य आहे ते जीवनाने गिळून टाकावं. दोन धर्मांची दिशा इथे वेगळी होते.

शब्दपारखी (दादर)

तिघांचेही मनापासून आभार. विभागणी अशी करतो: उत्पत्ती २-३ आणि पाचवा अध्याय १५ मिनिटं, अधोलोक ते दानीएल ५, पौल आणि दोन कबरी २०. दोन प्रश्न नक्की येतील. माणसाच्या आधी कोट्यवधी वर्षं प्राणी मरत होते, जीवाश्म आहेत, मग मरण आदामामुळे कसं? आणि दुसरा, जाळलेल्या शरीराचं पुनरुत्थान कसं व्हायचं? मुंबईत कबरीला जागा नाही, म्हणून तो विचारला जाणारच.

कुर्ला_पश्चिम

पहिल्याचं उत्तर रोम ५:१२ मध्येच आहे. मरण ‘सर्व माणसांमध्ये’ पसरलं, असं तिथे म्हटलंय. प्राण्यांचा उल्लेख नाही. जीवाश्मांचा शोध लागण्याच्या कितीतरी आधी, तेराव्या शतकात, अक्वायनस लिहून गेले की माणसाच्या पापाने प्राण्यांचा स्वभाव बदलला नाही, सिंह आधीही मांसच खात असते. कॅथलिक धर्मशिक्षण ग्रंथाचा परिच्छेद १००८ म्हणतो की माणसाचा स्वभाव मर्त्यच, पण देवाने त्याच्यासाठी न मरणं योजलं होतं. पृथ्वी काही हजार वर्षांचीच मानणाऱ्या मंडळ्यांना हे पटत नाही. ते उत्पत्ती १:३० दाखवतात, जिथे पशूंना हिरवी वनस्पती अन्न म्हणून दिली आहे. मतभेद आहे एवढं सांगून पुढे जा, नाहीतर दहा मिनिटं यातच संपतील.

गोराईकरीण

दहनाचं. इ.स. १७७ मध्ये ल्योन शहरात हुतात्म्यांची शरीरं जाळून राख ऱ्होन नदीत टाकली होती, मुद्दाम, पुनरुत्थानाची आशाच मोडावी म्हणून. ही हकीकत सांगणारं पत्र चर्चचा इतिहासकार युसेबियसने जपून ठेवलंय. म्हणजे राखेचा प्रश्न तेव्हाच छळ करणाऱ्यांनी उभा केला होता, आणि चर्चने त्याच हुतात्म्यांचा सण पाळून उत्तर दिलं. ज्याने मातीतून घडवलं त्याला राखेतून उठवणं जड नाही, ही भूमिका तेव्हापासूनची.

तरी कॅथलिक चर्चने १८८६ मध्ये दहनाला मनाई केली. युरोपात काही गट पुनरुत्थान नाकारल्याची खूण म्हणून दहनाचा प्रचार करत होते, मनाई त्या खुणेला होती. १९६३ मध्ये ती उठली. १९८३ च्या धर्मविधीसंहितेत (कलम ११७६) दफनाची कळकळीने शिफारस आहे, आणि ख्रिस्ती शिकवणीविरुद्ध हेतू नसेल तर दहनाला आडकाठी नाही. २०१६ च्या सूचनेनुसार राख उधळायची नाही, समुद्रात सोडायची नाही, वाटून घ्यायची नाही, साधारणपणे घरी ठेवायची नाही. आशीर्वादित जागेत ठेवायची. मुंबईत काही वर्षांनी कबर पुन्हा वापरतात आणि अस्थी काढून भिंतीतल्या कोनाड्यात ठेवतात, त्यालाही याच शिकवणीचा आधार आहे. २ नोव्हेंबरला शिवडीच्या सिमिट्रीत गेलात तर कबरींइतक्याच मेणबत्त्या आणि फुलं त्या कोनाड्यांपुढे दिसतील.

चित्र दाखवायचं असेल तर पायाशी कवटी आणि दोन हाडं असलेल्या क्रुसाचं दाखवा. मुंबईत १८९६ च्या प्लेगच्या वेळी गावठाणांत आणि वाड्यांत पुष्कळ क्रूस उभारले गेले. वाटेवरच्या जुन्या क्रुसांवर खिळे, हातोडा, शिडी कोरलेली असते, कुठे कुठे ही कवटीही असते. ती आदामाची, असं जुनी परंपरा सांगते: गुलगुथा म्हणजे कवटीची जागा, आणि आदामाला तिथेच पुरलं होतं असं मानत. जेरुसलेमच्या पवित्र कबरीच्या चर्चमध्ये क्रुसाच्या जागेखाली आजही आदामाचं चॅपेल आहे. बायबलमध्ये ही परंपरा नाही, तेवढं सांगून मग चित्र फिरवा. रोमकरांस पत्राचा पाचवा अध्याय वाचून झाल्यावर लगेच दाखवलंत तर चांगलं, त्याआधी दाखवलंत तर लोक कवटी म्हणजे नुसती मरणाची भीती समजतील.